आधी तास मोजा, मग किलोमीटर

वाचकांचे प्रश्न : नोकरी, रोजचा प्रवास आणि लांब पल्ल्याचा सराव

या वेळी आलेल्या पत्रांत धावणारे आहेत, सायकलवाले आहेत, ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल आणि धावणं सलग) तयारी करणारेही आहेत. अडचण मात्र जवळजवळ प्रत्येकाची वेळेचीच आहे. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सकाळी पावणेआठला घर सोडतो, रात्री साडेआठला परत येतो. जाण्यायेण्यात रोज पावणेतीन तास जातात, त्यातला निम्मा वेळ उभ्यानं. पाच महिन्यांनी पहिली मॅरेथॉन पळायची आहे. सध्या १० किलोमीटर ६५ मिनिटांत होतात. मिळालेल्या आराखड्यात आठवड्याला सहा दिवस धावणं आहे आणि ते मला जमत नाही. मॅरेथॉनचा नाद सोडावा का?

मॅरेथॉन सोडू नका, तो आराखडा सोडा. सहा दिवसांचा आराखडा ज्याला दिवसाचे दोन तास हाताशी आहेत अशा माणसासाठी केलेला असतो.

कागद घ्या आणि आठवड्याचे १६८ तास मांडा. तुम्ही रोज पावणेतेरा तास घराबाहेर असता, म्हणजे पाच दिवसांचे सुमारे ६४. साडेसात तासांप्रमाणे झोपेचे साडेबावन्न. आंघोळ, जेवण, घरची कामं, घरच्यांसोबतचा वेळ यांना रोज पाच तास धरले तर ३५. उरतात साधारण १६ ते १७, आणि तेही सलग नाहीत, तुकड्यातुकड्यांनी. त्यातले सहा तास सरावाला द्या. बाकीचे मोकळेच राहू द्या, कारण गाडी उशिरा येते, मूल आजारी पडतं, मीटिंग लांबते. आणखी एक हिशेब बहुतेकांकडून सुटतो : ४५ मिनिटांचं धावणं घड्याळात सव्वा तास खातं. कपडे, बूट, सुरुवातीचं चालणं, घाम सुकणं, आंघोळ हे सगळं त्यात येतं.

चार दिवस धावा. मंगळवारी सकाळी ४५ मिनिटं सावकाश. गुरुवारी जरा मेहनतीचा सराव : १२ मिनिटं हलकं धावणं, मग ३ मिनिटं जोरात आणि २ मिनिटं हळू अशा पाच फेऱ्या, शेवटी १० मिनिटं हलकं. शनिवारी ४० ते ५० मिनिटं सावकाश, रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वांत लांब धावणं. सोमवारी पूर्ण विश्रांती. रविवारच्या लाँग रननंतर सोमवारचा उभ्याचा प्रवास पोटऱ्यांना पुरेसा आहे. गुरुवारचा सराव सकाळीच उरका. दिवसभर बसून आणि मग तासभर उभं राहून आलेल्या पायांनी रात्री नऊला जोरात पळायला गेलं की वेग तर लागत नाहीच, पोटरी किंवा टाचेची शीर मात्र धरते. घरून काम करायचा एखादा दिवस मिळत असेल तर मेहनतीचा सराव त्या दिवशी ठेवा.

सावकाश म्हणजे किती, यावर बहुतेकांची गाडी अडते. धावता धावता पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. तुमच्या बाबतीत किलोमीटरला साधारण सव्वासात ते पावणेआठ मिनिटं. इतकं हळू धावायची लाज वाटते, म्हणून लोक साडेसहाच्या वेगानं धावतात आणि रोज अर्धवट थकून ऑफिस गाठतात. स्टीफन सायलर या अभ्यासकांनी अव्वल खेळाडूंच्या सरावाची पाहणी केली, तेव्हा त्यांची दर पाचांतली साधारण चार सत्रं सोप्या तीव्रतेची निघाली. ज्यांचा पूर्ण दिवस सरावासाठीच असतो ते इतकं हळू जातात, तर नोकरीवाल्यानं हळू जाण्यात कमीपणा कसला?

लाँग रन किलोमीटरवर ठरवू नका, वेळेवर ठरवा. ९० मिनिटांपासून सुरुवात करा, दर आठवड्याला १० ते १५ मिनिटं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्यात एक तृतीयांशानं कमी करा. मॅरेथॉनपूर्वी ३२ किलोमीटर पळालंच पाहिजे, असं तुम्ही ऐकलं असेल. तुमच्या वेगानं त्याला साधारण चार तास लागतील आणि त्यातून सावरण्यात पुढचा अख्खा आठवडा जाईल. तीन तास, फार तर सव्वातीन, इथे थांबा. उरलेली तयारी शनिवारच्या धावण्यातून होते. शेवटच्या आठ-दहा आठवड्यांत ते तासाभरापर्यंत वाढवलं की रविवारी तुम्ही थोड्या थकल्या पायांनीच सुरुवात करता. पहिल्या मॅरेथॉनच्या पुढच्या टप्प्यांसाठी ही सवय मोलाची आहे.

यात २० मिनिटांचं ताकदीचं काम आठवड्यातून दोनदा घाला. पायरीच्या कडेवर एका पायावर उभं राहून टाच वर-खाली, १२ ते १५ वेळा, तीन फेऱ्या, एका पायावर अर्धं बसणं, कंबर उचलण्याचे ब्रिज, प्लँक. जिमची गरज नाही.

वेळेची अपेक्षाही आत्ताच ठरवा. पीट रीगेल यांच्या प्रसिद्ध सूत्रानं तुमच्या ६५ मिनिटांवरून मॅरेथॉनची वेळ बरोबर पाच तासांच्या आसपास येते. आठवड्याचं धावणं कमी असलेल्यांना प्रत्यक्षात त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. पाच तास ते पाच तास वीस मिनिटं धरा, स्पर्धेची वेळमर्यादा आधी पाहून घ्या आणि सुरुवातीपासूनच दर नऊ मिनिटांनी एक मिनिट चालण्याचा विचार करा. पाय भरून आल्यावर सुरू केलेलं चालणं पुन्हा धावण्यात बदलत नाही. आधीपासूनचं बदलतं.

प्रश्न : ऑफिस घरापासून ११ किलोमीटरवर आहे. पळत येजा करावी असं वाटतं. पण लॅपटॉप, कपडे, घाम यांचं काय करायचं?

सुरुवात संध्याकाळपासून करा. सकाळी नेहमीसारखं जा, संध्याकाळी पळत घरी या. घामाचा प्रश्न घरच्या बाथरूममध्ये सुटतो आणि उशीर झाला तरी कोणी वाट पाहत नसतं. पहिले तीन आठवडे पूर्ण ११ किलोमीटर नको. अर्ध्या वाटेवर उतरा आणि उरलेले ५-६ पळा. पाठीवर ओझं असलं की तेवढंच अंतर पायांना जास्त वाटतं.

पिशवीचं वजन तीन किलोच्या आत ठेवा. साधी कॉलेजची सॅक चालणार नाही. छातीवर आणि कमरेवर पट्टा असलेली, पाठीला चिकटून बसणारी धावण्याची सॅक हवी. जड वस्तू पाठीला लागून आणि खांद्यांच्या पात्यांच्या उंचीवर ठेवा, मऊ कपडे बाहेरच्या बाजूला. रिकामी जागा उरली तर टॉवेल कोंबा, नाहीतर प्रत्येक पावलाला सामान वर-खाली आपटतं आणि पट्टे सैल होत जातात. पाचेकशे मीटरवर एकदा थांबून पट्टे पुन्हा ओढून घ्या, कारण उभ्यानं घट्ट वाटलेली पिशवी धावताना बसते. गळपट्टीचं हाड, काखेची मागची कड आणि कमरेचा मधला भाग इथे कातडी घासली जाते. तिथे आधीच व्हॅसलीन लावा. आतलं सामान जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. पावसापेक्षा स्वतःच्या पाठीच्या घामानंच कागद आणि चार्जर जास्त भिजतात.

लॅपटॉप पाठीवर घेऊन पळू नका. धावायचे दोन दिवस ठरवा आणि त्या दिवशी तो ऑफिसात कुलपात राहील अशी सोय करा. ऑफिसचा तसा नियम नसेल तर त्या दिवशी पळायचं नाही, इतकं सरळ ठेवा.

सकाळी पळत जायचं असेल तर सोमवारी गाडीनं जाताना आठवड्याचे कपडे, बूट, टॉवेल, साबण नेऊन ठेवा आणि शुक्रवारी मळके परत आणा. लोकांचं चुकतं ते पोहोचल्यानंतर. धावणं थांबल्यावरही शरीर पंधरा-वीस मिनिटं घाम काढत राहतं. लगेच अंग पुसून शर्ट घातला तर दहाव्या मिनिटाला तो ओला होतो. म्हणून शेवटचा एक किलोमीटर चालत जा, पोहोचल्यावर मनगटं, कोपरापर्यंतचे हात आणि मान थंड पाण्याखाली धरा, दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मग ओल्या टॉवेलनं अंग पुसून कपडे बदला. शॉवर असेल तर उत्तमच, नसेल तरी अडत नाही.

सिग्नल आणि गर्दीच्या रस्त्यावर इंटरव्हल (जोरात-हळू अशा फेऱ्या) करायला जाऊ नका. दर तीनशे मीटरला थांबावं लागतं आणि वेळ वाचवायला माणूस नको तिथे रस्ता ओलांडतो. हे धावणं सोपंच ठेवा. मोठ्या रस्त्याऐवजी आतला रस्ता एखाद किलोमीटर लांब पडला तरी तोच घ्या. धावताना आपण बसल्याच्या कितीतरी पट हवा आत घेतो आणि तीही बरीचशी तोंडानं, त्यामुळे वाहनांच्या धुरापासून दूर राहण्याचा फायदा खरा आहे.

निघण्यापूर्वी तासभर ३० ते ४० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. दुपारी एकला जेवून साडेसहाला रिकाम्या पोटी ११ किलोमीटर पळालं की घरी पोहोचल्यावर ताटावर ताबा राहत नाही.

प्रश्न : रोज सायकलनं १४ किलोमीटर ऑफिसला जातो, म्हणजे आठवड्याला १४० किलोमीटर होतात. २०० किलोमीटरची ब्रेव्हे करायची आहे. इतकी सायकल चालवूनही रविवारी ८० किलोमीटरनंतर पाय गळतात. असं का?

कारण तुमचे १४० किलोमीटर हे चाळीस-पन्नास मिनिटांचे दहा तुकडे आहेत. इतक्या वेळात ना इंधन संपतं, ना बैठक दुखते, ना मानेवर ताण येतो. म्हणजे ८० किलोमीटरनंतर जे होतं त्याचा सराव तुम्हाला कधी झालेलाच नाही. शिवाय शहरातली सायकल बहुतेक वेळा ना हलकी असते ना जोरदार. सिग्नल सुटला की झटका, मग दम, मग पुन्हा झटका.

ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. थांबे धरून सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरच्या आतबाहेर पडतो. तेव्हा वेग तुमची अडचण नाही. पाच दिवसांपैकी तीन दिवस अगदी हलक्या गिअरवर जा, कोणी मागे टाकून गेलं तर जाऊ द्या. एका संध्याकाळी घरी येताना वाट वाढवून दीड तास चालवा. एका दिवशी जिथे सलग रस्ता मिळेल तिथे १० मिनिटं जोर लावून, ५ मिनिटं हलकं, अशा तीन फेऱ्या. लांबची राइड एक आठवड्याआड वाढवा : ८०, १००, १२०, १५०. मधल्या रविवारी ५०-६० पुरे. १५० नीट झाली की २०० साठी वेगळी परीक्षा नको.

पाय गळण्याचं पहिलं कारण बहुधा खाणं असतं. ८० किलोमीटरला तुम्हाला साडेतीन-चार तास लागत असतील, आणि स्नायूंतला कर्बोदकांचा साठा साधारण तिथेच तळाला जातो. पहिल्या अर्ध्या तासानंतर सुरू करा आणि ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या, दर वीस मिनिटांनी थोडं थोडं. फोनवर गजर लावा. भूक लागल्यावर खाल्लेलं लगेच उपयोगी पडत नाही. एवढं खाण्याची पोटालाही सवय लागते, म्हणून दर लांब राइडला तेच खा जे ब्रेव्हेच्या दिवशी खाणार आहात.

पाण्याचं माप स्वतःचं काढा. तासाभराच्या राइडआधी आणि नंतर, अंग कोरडं करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. अर्धा किलो घटलं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात तर ताशी साधारण एक लिटर घाम जातो. तो सगळाच्या सगळा भरून काढायचा नसतो, पण राइडनंतर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त होतंय. नुसतं पाणी अति पिऊन रक्तातलं सोडियम घसरणं धोक्याचं आहे. लांबच्या राइडला पाण्यात मीठ किंवा इलेक्ट्रोलाइट हवंच.

सीटची उंची तपासा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल खाली नेल्यावर पाय सरळ व्हावा आणि कंबर डोलू नये. गुडघा समोरून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. बदल एका वेळी पाच मिलिमीटरचा, आणि मग तीन-चार दिवस तसंच चालवायचं.

रोज वापरातल्या सायकलचं सामान लवकर झिजतं. आठवड्यातून एकदा चेन फडक्यानं पुसून प्रत्येक कडीवर एक थेंब तेल द्या आणि वरचं जास्तीचं पुन्हा पुसा. राहिलेलं तेल धूळ धरतं आणि ती धूळच चेन खाते. आता पंक्चरबद्दल, कारण ब्रेव्हेत वेळ इथे जातो. नवी ट्यूब घातली आणि दहा मिनिटांत पुन्हा बसली, असं होतं तेव्हा काटा किंवा तारेचा बारीक तुकडा टायरमध्येच राहिलेला असतो. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणा. मग पंक्चर झाल्यावर ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, ते व्हॉल्व्हपासून किती बोटं दूर आहे ते पाहा आणि टायरवर नावापासून तितक्याच अंतरावर, दोन्ही बाजूंना, आतून बोट फिरवा. बोट जपून फिरवा, तार टोचते. तुकडा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. दोन ट्यूब, टायर काढायचे तीन लिव्हर, पॅच आणि पंप सोबत ठेवा आणि एकदा घरी, अंधारात, टॉर्चच्या उजेडात चाक काढून बसवून पाहा.

प्रश्न : दर तिमाहीच्या शेवटी ऑफिसात दोन-तीन आठवडे श्वास घ्यायला फुरसत नसते आणि सराव बुडतो. प्रत्येक वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागते.

पूर्ण बुडू देऊ नका, थोडासा ठेवा. पण जो ठेवाल तो जोराचा असू द्या. रॉबर्ट हिक्सन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हेच तपासलं होतं. आठवड्याचे सहा दिवस कमी करून दोनवर आणले तरी पंधरा आठवडे लोकांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता टिकली; अट एकच, सत्राची तीव्रता आणि वेळ तेवढीच ठेवायची. सत्राची वेळ कमी केली तरी ती क्षमता राहिली, फक्त वेळ फारच कापली तेव्हा लांब टिकण्याची ताकद घटली. तीव्रता कमी केली तेव्हा मात्र घसरण झाली.

म्हणून त्या आठवड्यांत दोनच सत्रं ठेवा. एक ४० मिनिटांचं, ज्यात ४ मिनिटांच्या चार जोरदार फेऱ्या. आणि सुट्टीच्या दिवशी सव्वा ते दीड तासाचं सोपं. बुडालेलं पुढच्या आठवड्यात भरून काढायचं नाही. ते गेलं. दोन आठवड्यांचे किलोमीटर एका आठवड्यात कोंबताना नडगी आणि टाच दुखावते, आणि मग सहा आठवडे घरी बसावं लागतं. तिमाहीच्या तारखा तुम्हाला वर्षभर आधी माहीत असतात. स्पर्धा त्यानंतर निदान आठ आठवड्यांनी येईल अशी निवडा.

प्रश्न : रात्री साडेअकराला झोपतो, पहाटे साडेचारला उठून सराव करतो. शनिवार-रविवार झोप भरून काढतो. दिवसा कॉफीवर निभावतं, पण तीन महिन्यांत वेग वाढण्याऐवजी कमी झाला आहे.

पाच तासांच्या झोपेवर सहनशक्तीचा खेळ उभा राहत नाही. सराव शरीराला फक्त मोडतो. बांधणी झोपेत होते. प्रौढ माणसाला सात तास तरी लागतात, सराव करणाऱ्याला त्याहून थोडे अधिक. स्वतः गाडी चालवत ऑफिसला जात असाल तर हे आजच बदला, कारण डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात.

पहाटेचे दिवस पाचांवरून दोनांवर आणा, आणि त्याच्या आदल्या रात्री साडेनऊला दिवा बंद. ते जमणार नसेल तर त्या पहाटे उठायचं नाही. तिसरं सत्र जेवणाच्या सुट्टीत ३० मिनिटांचं बसवा, बाकीचं शनिवार-रविवारी. आठवड्याला तीन-साडेतीन तासांचा सराव आणि पुरी झोप यांतून तुम्हाला आत्ताच्या सरावापेक्षा जास्त मिळेल. कॉफीतलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचच्या कपातलं बरंच काही रात्री दहाला अंगात असतं. दुपारी एकनंतर बंद. रात्री सराव करायचा झाला तर हलकाच, आणि जोराचा केलाच तर झोपेआधी दोन तास संपवा.

पहाटेबद्दल एक काळजी घ्या. रात्रभर आडवं झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर कमरेतून खोल वाकणं आणि वाकून वजन उचलणं टाळा. धावणार असाल तर आधी दहा मिनिटं चाला, मग घोटे आणि खुबे फिरवा. बसून केलेलं लांब स्ट्रेचिंग घरी आल्यावर.

प्रश्न : मी हाफ आयर्नमॅन अंतराची (१.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं) तयारी करते आहे. सकाळी पोहणं, दिवसभर नोकरी, संध्याकाळी सायकल किंवा धावणं. वजन उतरलं याचा आनंद होता. पण चार महिने पाळी आलेली नाही, सतत थंडी वाजते आणि नडगीवर एका ठिकाणी दुखतं. सराव वाढवला म्हणून असेल ना?

सराव वाढला आणि खाणं वाढलं नाही, हे बहुधा कारण असावं. पण ते नक्की करणं डॉक्टरांचं काम आहे आणि तिकडे याच आठवड्यात जा. गरोदरपण, थायरॉइड आणि इतर कारणं तपासून बाजूला काढावी लागतात. नडगीवर बोटाच्या पेराएवढ्या जागी दाबल्यावर दुखत असेल तर हाडाला ताणाची चीर असू शकते. तपासणी होईपर्यंत धावणं पूर्ण थांबवा. सुरुवातीच्या एक्स-रेत ती चीर अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणं कायम असेल तर पुढच्या तपासणीबद्दल विचारा. चालताना दुखत नसेल तर हलकं पोहणं डॉक्टरांना विचारून चालू ठेवता येईल.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये सरावाच्या मानानं खाणं कमी पडण्याच्या या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं. सरावात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामाला पुरेसं उरत नाही, तेव्हा शरीर काटकसर सुरू करतं : पाळी थांबते, हाडं विरळ होऊ लागतात, अंग गार पडतं, जखमा रेंगाळतात. पुरुषांनाही हे होतं. तिथे पाळीसारखी ठळक खूण नसल्यानं उशिरा लक्षात येतं.

नोकरी करणाऱ्यांत हे मुद्दाम उपाशी राहून होतं असं नाही. वेळापत्रकात खाण्याची जागाच सुटलेली असते. पोहून थेट ऑफिस, साडेअकरापर्यंत फक्त चहा, एकला जेवण, मग रात्री साडेनऊपर्यंत काहीच नाही आणि मध्ये दीड तासाची सायकल. म्हणून घड्याळावर खा. पोहून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर नाश्ता, त्यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. अकराला काहीतरी, एकला जेवण, साडेपाचला सरावाआधीचं खाणं, सरावानंतर लगेच रात्रीचं जेवण. प्रथिनं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम. तुमच्या पिशवीत आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये न बिघडणारं खाणं कायम असलं पाहिजे, कारण उशीर होतो त्या दिवशी बाहेर काही मिळेलच असं नाही.

वजन रोज पाहणं बंद करा. स्पर्धा पुढे ढकलता येत असेल तर ढकला. पाळी परत यायला काही महिने लागू शकतात आणि तोवर सरावाचे तास निम्म्यावर ठेवणं शहाणपणाचं आहे. प्रशिक्षक असतील तर त्यांना हे स्पष्ट सांगा. पाळी थांबणं ही चांगल्या फिटनेसची खूण आहे असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे.